सत्तेचाळीस नंबरचा बेल्ट

करवतीतून धूर निघाला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि आजची दुपारची झोप गेली हे निवृत्तीला त्याच क्षणी कळून चुकलं.

करवत म्हणजे हातातली नव्हे. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून वीस वर्षांपूर्वी उचललेली चक्री करवत ती. लोखंडी पाट, मधून डोकावणारं दातेरी पातं, खाली मोटार, आणि मोटारीच्या पुलीपासून पात्याच्या पुलीपर्यंत फिरणारा रबरी बेल्ट. मेटगळ्ळीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये निवृत्ती आणि ती एकमेकांना सांभाळून घेत होते. याचे गुडघे कुरकुरायचे, तिचा बेल्ट. दोघांनाही साधंसुधं काम दिलं तर दोघंही तक्रार करत नसत. पण आज गाठ पडली जुन्या सागवानाशी. आधी नमुन्याला म्हणून सागवानाचा एक तुकडा लावला, तर पातं दोन बोटं आत गेलं आणि अडकलं. मोटार नुसतीच घूं घूं करत राहिली, बेल्ट जागच्या जागी घसरला आणि जळक्या रबराचा वास शेडभर पसरला.

"विठ्ठला!" म्हणत निवृत्तीनं बटण बंद केलं.

"मी सांगितलो नाही तुला?" मागून आवाज आला. "तिला हे व्हायचं नाही म्हणून?"

मागे स्टुलावर वेंकोबा बसले होते. निवृत्तीचे थोरले बंधू, घरात सगळ्यांचे अण्णा. वय चौऱ्याहत्तर, धंदा शिंप्याचा, गळ्यात टेप. पेठेतलं त्यांचं दुकान मागच्या आठवड्यात बंद झालं. इमारतच पाडायची होती, घरमालकानं सगळ्यांनाच बाहेर काढलं. मशिनी गेल्या, आरसा गेला, पाटी गेली. गळ्यातला टेप मात्र अण्णांनी काही उतरवला नव्हता. आणि राहिलं होतं कापड बेतायचं टेबल. सात फूट लांब. सोसल्याहून बैलगाडीत घालून आणलेल्या सागवानाचं, बाबांनी स्वतः उभं राहून करवून घेतलेलं. कडेला पितळी पट्टी, आणि मधोमध, जिथं दोन पिढ्या कात्री टेकवत आल्या तिथं, एक गुळगुळीत खळगा.

ते टेबल सकाळी आठ वाजता टेंपोतून निवृत्तीच्या शेडमध्ये आलं होतं. आणणारा शशांक, अण्णांचा मुलगा. विजयनगरात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट, आता अण्णांचा मुक्काम तिथंच.

"काका, फोर फीट. अष्टे, तेवढंच," शशांक घड्याळ बघत म्हणाला होता. "अण्णांच्या रूममध्ये तेवढीच वॉल आहे. थ्री फीट कट करून टाका. मी फाइव्हला येतो."

"आणि नाही जमलं तर?"

"मग बेडा, नकोच ते. एक कल्याण मंटपवाले विचारलेत. त्यांना लग्नाच्या किचनमध्ये भाजी चिरायला लांब टेबल पाहिजे. आजच घेऊन जातात."

अण्णा नुसते टेबलावरून हात फिरवत राहिले, जसं मरतुकड्या बैलावरून कुणी फिरवावा. निवृत्तीला ते बघवेना. भाजी चिरायला! बाबांचं टेबल! चार फूट तर चार फूट, पण ते अण्णांच्या डोळ्यांसमोर राहायला हवं. त्यानं पुतण्याला शब्द दिला, पाचच्या आत कापून देतो म्हणून.

आणि आता हा धूर.

निवृत्ती कण्हत खाली बसला, बेल्ट काढला. त्याला आतून भेगा पडल्या होत्या, कडेचे दोरे सुटले होते, आणि नंबर छापलेली जागा घासून सपाट झाली होती. नंबर नाही म्हणजे माप घेणं आलं. दोन्ही पुल्यांवरून गोल माप घ्यायचं तर निवृत्तीचा पोलादी टेप वळेना. वळवला की टणकन उडे.

"सरक," अण्णा म्हणाले. "हे तुझ्या हातचं काम नव्हे. कंबर आहे ती."

अण्णांनी गळ्यातला टेप काढला, गुडघ्यांवर बसले, दोन्ही पुल्यांभोवती टेप फिरवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. "श्वास सोडा," ते सवयीनं मोटारीला म्हणाले. मग काखेतल्या मापांच्या वहीत काहीतरी लिहिलं, शेवटच्या पानाचा कोपरा फाडून त्यावर आकडा टाकला आणि तो निवृत्तीच्या हातात ठेवला. एकोणपन्नास.

केआरएस रोडवर मंजुनाथचं बेल्ट-बेअरिंगचं दुकान. निवृत्तीनं स्कूटर लावली, चिठ्ठी पुढं केली.

"गाडी कुठली, सार?"

"गाडी नाही, करवत."

"करवतीला एकोणपन्नास?" मंजुनाथनं चिठ्ठी दूर धरून बघितली. "जास्ती वाटतंय. माप कोण घेतले?"

"माझा मोठा भाऊ. पन्नास वर्षं टेलर आहे."

"टेलर? मग आयतु, झालं तर," म्हणत मंजुनाथनं आदरानं मान डोलावली आणि खुंटीवरचा बेल्ट काढून दिला.

निवृत्ती परतला तेव्हा खिडकीखाली कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या फळ्या तिथं नव्हत्या. त्या पलीकडच्या भिंतीला नीट उभ्या लावल्या होत्या.

"सुम्ने, नुसतं बसून काय करायचं?" अण्णा हात झटकत म्हणाले. "कंटाळा आला म्हणून जरा आवरलो."

निवृत्तीला बरं वाटलं. मोटारीचे नट गंजले होते. तेल सोडून, पान्याला लोंबकळून त्यानं ते ढिले केले, बेल्ट चढवला, मोटार मागं सरकवली. आणखी सरकवली. खाच संपली तरी बेल्ट लोंबतच होता.

"ढिला आहे, अण्णा."

"असू दे की स्वल्प ढिला. जेवल्यावर बरं पडतंय."

"करवत जेवते होय?"

"मग सवय रे. माया सोडलो मी."

"किती सोडली?"

"दोन इंच ह्या बाजूला, दोन इंच त्या बाजूला. बाबा सोडत होते की तेवढी."

आता निवृत्ती झाला तरी शिंप्याचाच मुलगा. कापडाला माया सोडावी लागते हे त्याला बाराखडीच्या आधी कळलं होतं. चिडावं तरी कुणावर? एकोणपन्नासातून चार गेले, राहिले पंचेचाळीस. पण मन म्हणालं, एकदा आपण बघावं.

"टेप द्या जरा. मी घेतो माप."

अण्णांनी टेप दोन्ही हातांनी छातीशी धरला. "बाबा काय सांगून गेलेत? टेप आणि कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. गिऱ्हाईक जातंय."

"अहो, दुकानच गेलं. आता कुठलं गिऱ्हाईक जाणार?"

बोलून गेल्यावर निवृत्तीनं जीभ चावली. अण्णांनी मान वळवली आणि ते वरचा पत्रा बघत राहिले. असल्या वेळी माणूस काय करणार? निवृत्तीनं मुकाट्यानं हेल्मेट चढवलं.

"पंचेचाळीस?" मंजुनाथ म्हणाला. "चार इंच कुठं गेले, सार?"

"शिलाईत गेले. दे."

पंचेचाळीसचा बेल्ट एका पुलीवर बसला आणि दुसरीपासून चार बोटं लांब राहिला. निवृत्तीनं ओढलं, पिळलं, शेवटी स्क्रू ड्रायव्हर घालून तो चढवायला गेला, तर ड्रायव्हर निसटून थेट अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं. अण्णांनी लगबगीनं पाणी आणलं, अंगठ्यावर ओतलं, फुंकर घातली आणि कापडाची चिंधी इतकी सुबक बांधली की ती सोडताना निवृत्तीला पुढं चार दिवस जिवावर आलं.

"जुना बेल्ट कुठंय?" निवृत्तीनं विचारलं. "तोच नेऊन दाखवतो."

"तो होय? चार तुकडे केलो त्याचे. पायांखाली घालायला. टेबल हलायला नको, नाही का?"

निवृत्ती मटकन खाली बसला. समोर खिडकीखालचा कोपरा आता झाडून लख्ख झाला होता, हे त्याला दिसलं. पण दिसणं निराळं आणि लक्षात येणं निराळं. अंगठा ठणकत असताना माणसाला कोपरे लक्षात येत नाहीत. डोक्यात एकच हिशेब चालला होता. एकोणपन्नास ढिला, पंचेचाळीस घट्ट. मधे काय येतं? सत्तेचाळीस! याला टेप कशाला हवा होता? तिसरी यत्ता पुरली असती.

तिसऱ्या खेपेला मंजुनाथ जेवायला गेला होता. निवृत्ती बंद शटरसमोरच्या पायरीवर पाऊण तास बसला. ऊन पायांवरून पोटावर आणि पोटावरून डोक्यावर आलं. एकानं त्याला रिक्षावाला समजून विजयनगरला येणार का विचारलं. शेवटी मंजुनाथ उगवला, माळ्यावर चढला आणि धुळीनं भरलेला एक बेल्ट घेऊन खाली उतरला.

"सत्तेचाळीस, सार. एकच उरलाय. हा गेला की बेंगळूरुहून यायला पाहिजे, दोन दिवस. जपून."

निवृत्तीनं तो बेल्ट शर्टाच्या आत घालून आणला. अडीच वाजले होते. बेल्ट दोन्ही पुल्यांवर असा बसला की जणू त्यांच्याच मापानं बेतला होता. मोटार थोडी मागं घेतली, नट आवळले, बटण दाबलं. पातं गरगरलं. धूर नाही, वास नाही, कुरकुर नाही. सकाळपासून पहिल्यांदा निवृत्तीच्या तोंडावर हसू आलं.

"झालं, अण्णा! अर्ध्या तासात टेबल मोकळं करतो."

अण्णा हसले नाहीत. "चांगलं झालं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात घराच्या मागच्या दारातून बायकोची, चंद्रिकेची हाक आली. "अहो! तुम्ही जेवणार आहात की करवतीलाच वाढू? भावजी, तुम्हीही चला!"

"मला भूक नाही," अण्णा म्हणाले. "तू जा, निवृत्ती. मी बसतो इथं. करवत कुठं पळून जात नाही."

निवृत्तीनं बटण बंद केलं आणि गेला. सारभात कालवता कालवता त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या.

"भावजींचं काय चाललंय?" चंद्रिकेनं विचारलं. "रविवारी चहाला आलेले, तेव्हा तुमच्या शेडमध्ये खिडकीखाली गुडघ्यांवर बसून सरकत होते. काय पडलं म्हणून विचारलं, तर चष्मा म्हणाले. अय्यो, चष्मा तर नाकावर होता!"

"वय झालं त्यांचं," निवृत्ती म्हणाला आणि भिंतीला टेकला. फक्त पाच मिनिटं, असं त्याच्या मनात होतं.

पाचाची चाळीस झाली. तो दचकून उठला, तोंडावर पाणी मारून शेडकडे धावला आणि दारातच थांबला. अण्णा करवतीपाशी उभे होते. एका हातात त्यांची दहा इंची कात्री, आणि दुसऱ्या हातात, मेलेल्या धामणीसारखा लोंबणारा, कापलेला बेल्ट.

"स्वल्प ढिला वाटला रे," अण्णा म्हणाले. "एक इंच काढलो. आता क्लिप मारली की झालं. शिलाई मशिनीच्या पट्ट्याला मारतो की आपण, तशी."

निवृत्तीचा आवाज शेजारच्या कारखान्यापर्यंत गेला असावा.

"अहो अण्णा! तो पट्टा वेगळा, हा वेगळा! ह्याला जोड नसतो! हा गोलच जन्माला येतो, गोलच मरतो! तीनदा गेलो मी. तीनदा! उन्हात पायरीवर बसलो. एकच होता तो, एकच! आता बाबांचं टेबल जाईल भाजी चिरायला, मग बसा तुमची क्लिप मारत!"

"असं आहे होय?" अण्णा कापल्या टोकाकडे बघत म्हणाले. "मला काय माहीत, बाबा. मी कापडातला माणूस."

निवृत्ती स्टुलावर बसला. रागसुद्धा शिल्लक राहिला नव्हता. राहिला होता तो नुसता थकवा, पायाच्या अंगठ्यापासून काळ्यानिळ्या नखापर्यंत. त्यानं मंजुनाथला फोन लावला. मंजुनाथ हळहळला आणि परवा म्हणाला.

बरोबर पाचला शशांकचा टेंपो दारात थांबला. त्यानं सात फुटांचं टेबल बघितलं, कापलेला बेल्ट बघितला, दोन्ही म्हाताऱ्यांची तोंडं बघितली.

"ओके, होगली," त्यानं खिशातून फोन काढला. "सोडा, काका. तुम्ही ट्राय केलात ना. मी कल्याण मंटपवाल्यांना बोलावतो. सहाला येतील."

अण्णा बाहेर नळावर गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, पण हात धुतल्याचा आला नाही.

"काका, ते एक्झॅक्ट साइज विचारतायत," शशांक फोनवर हात ठेवून म्हणाला. "लांबी किती आहे?"

"अण्णांच्या वहीत असेल." वही टेबलावरच होती. निवृत्तीनं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. अण्णांचं अक्षर उभं आणि ठसठशीत. गिऱ्हाइकाचं नाव, खाली माप. वर रविवारची तारीख होती.

'बाबांचं टेबल. लांबी ८४.'

त्याखाली: 'निवृत्तीचं शेड, खिडकीखाली, भिंत ते भिंत. ८५.'

त्याखाली आजची तारीख. 'निवृत्तीची करवत. कंबर ४७.'

निवृत्तीनं ते दोनदा वाचलं. सत्तेचाळीस. खाडाखोड नाही, माया नाही. मग त्यानं मान वर केली आणि दिवसभरात पहिल्यांदा त्या कोपऱ्याकडे नीट बघितलं. झाडून, पुसून लख्ख केलेल्या फरशीवर जुन्या बेल्टचे चार तुकडे चार ठिकाणी मांडून ठेवले होते. टेबलाचे चार पाय जिथं यायचे, बरोबर तिथं.

निवृत्तीचा राग उसळला. तीन खेपा! अंगठा! झोप! दारात अण्णा उभे होते. त्यांना वही उघडी दिसली होती. गळ्यातल्या टेपची दोन टोकं मुठीत धरून ते मास्तरांसमोर उभ्या पोरासारखे खाली बघत होते. निवृत्तीला आठवलं, सतराव्या वर्षी त्यानं सुई सोडून रंधा धरला तेव्हा बाबा आठवडाभर जेवले नव्हते, आणि अण्णांनीच त्यांची समजूत काढली होती. तेव्हापासून आजतागायत या माणसानं धाकट्या भावाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. 'तुझ्या शेडमध्ये एवढी जागा दे' एवढं एक वाक्य बोलायचं, तर त्यासाठी बिचाऱ्यानं दोन बेल्टांचा जीव घेतला. निवृत्तीचा राग तिथंच विरघळला.

"काका, साइज?"

"त्यांना नको म्हणून सांग," निवृत्ती म्हणाला. "मी कापून देतो म्हणालोय ना? बेल्ट आला की कापतो."

"बेल्ट कधी येईल?"

"सांगता येत नाही. जुनं मशीन. दोन महिने, तीन महिने... वर्षही लागेल. तोवर राहू दे इथंच."

"इथं जागा कुठं आहे एवढी?"

"आहे की. खिडकीखाली. योगायोगानं आजच आवरलंय."

तिघांनी मिळून टेबल उचललं. ते कोपऱ्यात गेलं, चारही पाय चारही तुकड्यांवर बसले, आणि भिंतीशी बोटभर फट राहिली.

"अरे!" अण्णा थक्क होऊन म्हणाले. "बरोबर बसलं की!"

निवृत्तीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. अण्णांनी घाईघाईनं टेप सारखा केला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत अण्णा बसनं हजर. संध्याकाळपर्यंत चंद्रिकेचे दोन ब्लाऊज बेतून झाले. तिसऱ्या दिवशी शेजारची भाग्या कापड घेऊन आली, आणि अण्णांनी निवृत्तीला बजावलं की दुपारी भुसा उडवू नकोस, गिऱ्हाइकाच्या कापडावर बसतो. झोपायला घरात जावं तर दर दहा मिनिटांनी हाक येई, निवृत्ती, जरा सुईत दोरा ओवून दे.

त्याच संध्याकाळी निवृत्ती मंजुनाथच्या दुकानात उभा राहिला.

"शशांक नावाचा मुलगा कधी विचारायला आला," तो म्हणाला, "तर हा बेल्ट मिळत नाही म्हणून सांगायचं. आता माझ्या कामाला एक दे. सत्तेचाळीस."

मंजुनाथचा हात खुंटीजवळ थांबला. "नक्की ना, सार? या वेळी माप कोण घेतले?"

"माझ्या मोठ्या भावानं."

"परत त्यांनीच?"

"दे, दे," निवृत्ती म्हणाला. "पन्नास वर्षांत त्यांचं एक माप चुकलेलं नाही." आणि बेल्ट शर्टाच्या आत घालून तो घरी निघाला.